मशीनच्या स्क्रीनवर काय दिसावं आणि काय दिसू नये

जळगाव एमआयडीसीतल्या एका पाइप कारखान्यात एक्स्ट्रुडरच्या, म्हणजे प्लास्टिक वितळवून पाइप काढणाऱ्या मशीनच्या, पॅनेलवर सात इंची टच स्क्रीन होती. स्क्रीन बदलायला मला बोलावलं, तेव्हा सगळ्यात आधी दिसल्या त्या चौकटीला सेलोटेपने चिकटवलेल्या चिठ्ठ्या. ‘झोन ५ – १८५ च्या वर नको.’ ‘लोड वाढला की फीडर २ ने कमी.’ पॅनेलच्या दारावर मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, ‘हिरवा असला तरी पंप बघून या.’

मालक म्हणाले, “जरा चांगले ग्राफिक्स टाका. बाहेरची माणसं बघायला येतात.” मी ग्राफिक्सचा विचार करण्याआधी त्या चिठ्ठ्यांचे फोटो काढले. स्क्रीनने जे सांगायला हवं होतं आणि सांगितलं नाही, ते ऑपरेटरांनी स्वतःच्या हाताने तिच्या कडेला लिहून ठेवलं होतं. नव्या स्क्रीनचा निम्मा आराखडा मला त्या फोटोंतच मिळाला.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आजच्या बहुतेक मशीनचा मेंदू म्हणजे पीएलसी नावाचा छोटा कंट्रोलर. सेन्सरकडून तापमान, प्रेशर, वेग घ्यायचा आणि हीटर, मोटर, व्हॉल्व्ह चालू-बंद करायचे, हे त्याचं काम. पण पीएलसीला चेहरा नाही. त्याला काय कळतंय हे माणसाला दाखवणारी आणि माणसाचा हुकूम त्याच्यापर्यंत नेणारी जी स्क्रीन, ती एचएमआय. अनेक मशीन किंवा सगळा प्लांट एका जागी संगणकावर दिसतो, तेव्हा त्याला स्काडा म्हणतात. डाळमिल असो, जिनिंग असो, चटईचा कारखाना असो की दीपनगरच्या वीज केंद्राची कंट्रोल रूम, स्क्रीनसमोरच्या माणसाला तीनच गोष्टी हव्या असतात. सगळं ठीक चाललंय का? नसेल तर बिघाड कुठे आहे? आणि मी आता काय करू?

आपल्याकडच्या लहान-मध्यम कारखान्यात ऑपरेटर स्क्रीनसमोर बसून नसतो, हे विसरून चालत नाही. तो होपरमध्ये मटेरियल आहे का बघतो, व्हर्नियरने पाइपची जाडी तपासतो, कटरकडे जातो, हेल्परला गोण्या आणायला सांगतो. येता-जाता तो स्क्रीनवर नजर टाकतो, दोन-तीन सेकंद. त्या दोन-तीन सेकंदांत उत्तर मिळालं पाहिजे. एवढीच एक अट धरून चाललं तरी स्क्रीन कशी असावी हे पुष्कळसं ठरतं.

रंगांचा खर्च

नेहमीची स्क्रीन कशी असते? काळी पार्श्वभूमी. हिरव्या पाइपलाइन, निळं पाणी, पिवळी टाकी, चकाकणारा थ्रीडी होपर, फिरणारा स्क्रू, फिरणारा पंखा. असं होतं याचं कारण साधं आहे. सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत ही चित्रं तयार मिळतात, आणि करणाऱ्याला वाटतं की मशीन जशी दिसते तशी स्क्रीनवर दिसली की काम झालं. मीही काही वर्षं अशाच स्क्रीन केल्या. पण मशीन कशी दिसते हे ऑपरेटरला माहीत असतं, ती त्याच्या पाठीशीच उभी असते. त्याला मशीनचं चित्र नको असतं, मशीनची तब्येत हवी असते.

रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत शेतकरी बांधावर उभा राहून नुसती नजर फिरवतो आणि म्हणतो, “त्या तिसऱ्या ओळीत करपा दिसतोय.” हजारो पानांतलं एक पिवळट डागाचं पान त्याने शोधलेलं नसतं, ते आपोआप त्याच्या डोळ्यांत भरतं, कारण आजूबाजूचं सगळं एकसारखं हिरवं असतं. आता अशी बाग डोळ्यांपुढे आणा जिथे प्रत्येक झाडाच्या पानाचा रंग वेगळा आहे. तिथे करपा शोधायला एकेक पान बघत फिरावं लागेल. रंगीबेरंगी स्क्रीन म्हणजे ती दुसरी बाग.

म्हणून जगभर चांगल्या ऑपरेटर स्क्रीनची पार्श्वभूमी फिकट राखाडी ठेवतात. टाकी, मोटर, पाइप हे सगळं साध्या रेषांत, राखाडीच्याच गडद-फिकट छटांत. चालू मोटर पांढरट भरलेली, बंद मोटर गडद, आणि शेजारी ‘चालू’ किंवा ‘बंद’ हा शब्द. ठळक रंग फक्त बिघाडासाठी राखून ठेवायचे. सगळं ठीक असेल तेव्हा स्क्रीन अगदी मुकी, कंटाळवाणी दिसली पाहिजे. मग कुठे पिवळं किंवा लाल उमटलं, तर वीस फुटांवरून जाणाऱ्या माणसाचीही मान वळते.

पार्श्वभूमी काळी का नको, हे खान्देशातल्या शेडमध्ये उभं राहिल्यावर लगेच कळतं. पत्र्याची शेड, पश्चिमेकडे मोठं दार, मे महिन्यात दुपारी चार वाजता आत येणारं ऊन. काळी स्क्रीन त्या उजेडात आरशासारखी होते. तिच्यात दार दिसतं, स्वतःचा चेहरा दिसतो, आकडे दिसत नाहीत. पांढरीशुभ्र केली तर रात्रपाळीत डोळ्यांवर येते. राखाडी दोन्ही वेळा निभावते. पॅनेल दाराकडे तोंड करून लावू नये, हे तर ग्राफिक्सच्याही आधीचं. आणि उन्हाळ्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या आसपास खेळतो, तेव्हा एक्स्ट्रुडरजवळच्या बंद पॅनेलच्या आत किती होत असेल याचा विचार करून स्क्रीन निवडावी. बऱ्याच स्क्रीन सभोवतालच्या ५० अंशांपर्यंतच चालतील असं त्यांच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं.

आता लाल आणि हिरवा. यात एक सापळा आहे आणि आपल्या भागात तो नेमका लागू पडतो. विजेच्या स्विचगियरच्या पॅनेलवर लाल दिवा म्हणजे ‘ऑन’, वीज वाहतेय, हात लावू नका; हिरवा म्हणजे ‘ऑफ’. वीज केंद्रात किंवा सबस्टेशनवर काम केलेल्या माणसाच्या अंगात हे भिनलेलं असतं. मशीनच्या दुनियेत मात्र बहुतेक ठिकाणी हिरवा म्हणजे चालू आणि लाल म्हणजे बंद किंवा बिघाड. वीज केंद्रातली नोकरी करून आलेला इलेक्ट्रिशियन आणि कारखान्यातच शिकलेला ऑपरेटर एकाच स्क्रीनसमोर उभे केले, तर एकच लाल मोटर त्यांना उलट गोष्टी सांगते. यातून निघायचा मार्ग म्हणजे चालू-बंद या रोजच्या गोष्टीसाठी हे दोन्ही रंग वापरायचेच नाहीत.

दुसरं कारण डोळ्यांचं. काही पुरुषांना जन्मतःच लाल आणि हिरवा यांतला फरक नीट कळत नाही. युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण शंभरात आठच्या आसपास आहे. आपल्याकडे त्याहून कमी, पण तीन पाळ्यांच्या कारखान्यात असा एखादा सहज असतो, आणि कित्येकदा त्याला स्वतःलाही ठाऊक नसतं. त्यामुळे कोणतीही गोष्ट फक्त रंगाने सांगायची नाही. रंगाबरोबर आकार आणि अंक हवा: तातडीच्या अलार्मला लाल चौकोन आणि आत १, त्याखालच्याला पिवळा त्रिकोण आणि आत २. चित्राचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढला तरी अर्थ कळला पाहिजे.

मालकाला राखाडी स्क्रीन पहिल्यांदा आवडत नाही. “ही फिकी वाटते हो, पैसे तर तेवढेच घेताय.” त्यांचं म्हणणं चुकीचं नाही, त्यांनी पैसे मोजलेत आणि त्यांना ते दिसायला हवेत. मी त्यांना स्क्रीनपासून तीन मीटर लांब उभं करतो, लॅपटॉपवर जुनी आणि नवी दोन्ही चित्रं एकेक करून पाच सेकंद दाखवतो आणि विचारतो, “काय बिघडलंय?” यानंतर फार बोलावं लागत नाही. आल्या-गेल्यांना दाखवायला एक वेगळं रंगीत पान करून देतो. ते ऑपरेटरच्या वाटेत येत नाही.

आकडा एकटा काही सांगत नाही

पीव्हीसी पाइपच्या एक्स्ट्रुडरला बॅरलचे, म्हणजे मटेरियल वितळवणाऱ्या नळीचे, चार-पाच झोन, डायचे, म्हणजे पाइपला आकार देणाऱ्या तोंडाचे, तीन-चार झोन, प्रत्येकाचं वेगळं तापमान. साधारण १६० ते २०० अंशांच्या मधे सगळा खेळ. जुन्या स्क्रीनवर ते असे होते: १७२.४, १७८.१, १७५.९, १६९.३, १८७.६, १८२.२, १९०.०, १९३.७. यातला कोणता बिघडलाय, सांगता येईल? मलाही नाही येणार. त्यासाठी प्रत्येक झोनचं सेट तापमान पाठ असायला हवं आणि मनात आठ वजाबाक्या करायला हव्यात. पंधरा वर्षं त्याच मशीनवर असलेले नाना ते करतात. पारोळ्याकडून मागच्या महिन्यात आलेला पोरगा करू शकत नाही. म्हणून नानांनी त्याच्यासाठी चिठ्ठी लावली होती, ‘झोन ५ – १८५ च्या वर नको.’

त्या आठ आकड्यांऐवजी आम्ही आठ उभ्या पट्ट्या काढल्या. प्रत्येक पट्टीच्या मधोमध थोडा गडद भाग, तो चांगला पल्ला. पट्टीच्या कडेला छोटा बाण, तो आत्ताचं तापमान. यातली खुबी अशी की प्रत्येक झोनचा चांगला पल्ला पट्टीच्या मधल्या भागातच बसवायचा, मग त्याचं सेट तापमान १६५ असो की १९०. म्हणजे सगळं ठीक असेल तेव्हा आठही बाण एका ओळीत येतात. शाळेत प्रार्थनेच्या रांगेतून एक मूल बाहेर आलं की गुरुजींना मोजावं लागत नाही, तसा एक बाण ओळीबाहेर गेला की तो लगेच दिसतो. पल्ल्याच्या बाहेर गेला तरच तिथे पिवळा रंग उमटतो. आकडा खाली लहान अक्षरात आहेच, ज्याला हवा त्याने वाचावा. पण दशांश काढून टाकले. १८७.६ आणि १८८ यांत पाइपला फरक पडत नाही, आणि सतत थरथरणारा दशांश अंक डोळ्यांना उगाच ओढत राहतो.

ट्रॅक्टर चालवणाऱ्याला इंजिनचं तापमान किती अंश ते विचारा. तो सांगणार नाही. पण काटा नेहमीच्या जागेवरून चढला की त्याच्या लगेच लक्षात येतं. कारखान्यातही आपल्याला तोच काटा हवा आहे.

दुसरी गोष्ट, आकडा आत्ताचा असतो. तो कुठून आला आणि कुठे चाललाय हे त्यातून कळत नाही. चटईच्या कारखान्यात जुन्या प्लास्टिकचा दाणा वितळवतात. त्यात कचरा असतो, तो अडवायला एक्स्ट्रुडरच्या तोंडाशी तारेची जाळी असते. जाळी चोक होत जाते तसं तिच्यामागचं प्रेशर वाढतं. समजा स्क्रीनवर १४० दिसतंय आणि मर्यादा १८० आहे. ठीक आहे? पाळी सुरू झाली तेव्हा ११० होतं, तासाभरापूर्वी १२५, आणि आता १४० असेल, तर ठीक नाही. जेवणाच्या सुट्टीआधी जाळी बदलायची तयारी करायला हवी. म्हणून आकड्याच्या शेजारी मागच्या दोन तासांची एक बारीक रेघ, म्हणजे ट्रेंड, कायम दिसत ठेवावी. ट्रेंड सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये असतो. पण तीन बटणं दाबल्यावर उघडणाऱ्या पानात असतो, आणि तिथे पाळीत एकदाही कोणी जात नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ज्या आकड्यांचा अर्थ एकत्र लागतो, ते एकत्र दाखवा. शक्य असेल तर हिशेब स्क्रीननेच करून द्यावा. पाइपवाल्याला फीडरचा (मटेरियल आत सोडणाऱ्याचा) वेग आणि हॉल-ऑफचा (पाइप बाहेर ओढणाऱ्याचा) वेग सुटा-सुटा घेऊन काय करायचंय? त्याला एका मीटर पाइपचं वजन हवंय. ताशी २४० किलो मटेरियल जातंय आणि मिनिटाला ४ मीटर पाइप बाहेर येतोय, म्हणजे तासाला २४० मीटर. एका मीटरचं वजन एक किलो. हा हिशेब नाना मोबाइलवर करत होते, तोही पाइपचा तुकडा कापून वजन केल्यानंतर. आता तो स्क्रीनवर आहे, शेजारी ठरलेलं वजन आणि बाण. मीटरला वीस ग्रॅम जास्त जात असतील तर तासाला जवळपास पाच किलो मटेरियल फुकट जातं, आणि हे दाखवल्यावर मालकांनी थ्रीडी होपरचा विषय पुन्हा काढला नाही.

हाच मुद्दा किती मोठा होऊ शकतो, ते २३ मार्च २००५ ला अमेरिकेतल्या टेक्सास सिटीच्या रिफायनरीत दिसलं. एका टॉवरमध्ये द्रव भरत राहिला, बाहेर जवळजवळ जात नव्हता, टॉवर मर्यादेबाहेर भरला आणि स्फोट झाला. १५ माणसं गेली, १८० जखमी झाली. कारणं अनेक होती. तपासात त्यातलं एक असं नोंदवलं गेलं की टॉवरमध्ये किती जातंय आणि किती बाहेर येतंय हे ऑपरेटरला एकाच स्क्रीनवर दिसत नव्हतं, आणि आत एकूण किती साठलंय याचा हिशेबही स्क्रीन करून देत नव्हती. आत जाणारं आणि बाहेर येणारं असे दोन आकडे शेजारी हवे होते.

‘हिरवा असला तरी पंप बघून या’

आता दारावरच्या मार्करच्या ओळीकडे येतो. एक्स्ट्रुडरमधून निघालेला मऊ पाइप व्हॅक्यूम टँकमध्ये जातो. तिथे पंप हवा ओढून घेतो म्हणून पाइप सायझरला, म्हणजे मापाच्या नळीला, चिकटून गोल राहतो आणि पाण्याने थंड होतो. पंप थांबला की पाइप चपटा यायला लागतो. एका रात्री नेमकं तसं झालं. जास्त लोड आला की मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले पडला होता, पंप बंद होता, आणि स्क्रीनवर पंप हिरवागार. ऑपरेटर मटेरियलमध्ये दोष शोधत राहिले, तापमानं खालीवर करत राहिले. पाऊण तासाचा माल भंगारात गेला.

ती जुनी स्क्रीन माझी नव्हती, पण अशाच चुकीची स्क्रीन मी दुसरीकडे केलेली आहे, म्हणून कारण मला पाहताक्षणी कळलं. पंपाचा रंग पीएलसीच्या हुकमाला जोडलेला होता. पीएलसीने ‘चालू हो’ म्हटलं की स्क्रीनवर हिरवा. पंप खरोखर चालू झाला का, हे कोणी विचारतच नव्हतं. खरी खूण घ्यायची तर कॉन्टॅक्टरच्या (मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) सहाय्यक कॉन्टॅक्टवरून, मोटरच्या करंटवरून, किंवा सगळ्यात चांगलं म्हणजे टँकमधल्या व्हॅक्यूमच्या सेन्सरवरून घ्यावी. हुकूम आणि प्रत्यक्ष स्थिती जुळत नसेल तर तोच अलार्म: ‘व्हॅक्यूम पंप चालू होत नाही.’

२८ मार्च १९७९ ला अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात जे झालं त्याच्या मुळाशी हाच प्रकार होता. एक रिलीफ व्हॉल्व्ह उघडला आणि बंद व्हायच्या ऐवजी उघडाच अडकला. कंट्रोल रूममधला दिवा मात्र व्हॉल्व्ह बंद असल्यासारखा दिसत होता, कारण तो व्हॉल्व्हची खरी स्थिती दाखवत नव्हता. व्हॉल्व्हला बंद होण्याचा सिग्नल गेला एवढंच दाखवत होता. थंड करणारं पाणी तासन् तास निघून जात राहिलं आणि अणुभट्टीचा गाभा अर्धवट वितळला. पॅनेलवरच्या दिव्याचा अर्थ काय, हा किरकोळ प्रश्न नसतो.

याच घरातली आणखी एक चूक म्हणजे गोठलेला आकडा. सेन्सरची तार तुटली किंवा स्क्रीन आणि पीएलसीमधली केबल सैल झाली, आणि स्क्रीनवर शेवटचा चांगला आकडा तसाच राहिला. १७५, १७५, १७५. बघणारा निश्चिंत. सिग्नल नसेल तेव्हा आकडा काढूनच टाकावा आणि तिथे आडवी रेघ व ‘सेन्सर नाही’ असं यावं.

लाईट गेल्यावर

खान्देशात अलार्म समजावून घ्यायचा असेल तर लाईट गेल्यानंतर परत येते तेव्हा पॅनेलसमोर उभं राहावं. स्क्रीन उजळते आणि एकामागून एक: झोन १ कमी, झोन २ कमी, झोन ३ कमी, हॉल-ऑफ बंद, पंप बंद, पाण्याचं प्रेशर कमी, ड्राइव्ह फॉल्ट… मी मोजले तेव्हा तेवीस होते. नाना एकही न वाचता ‘अॅकनॉलेज’, म्हणजे ‘पाहिलं’, दाबत सुटले. “काय व्हयनं, नाना?” पोरग्याने अहिराणीत विचारलं. “काही नही रे, लाईट गयथी.” तेवीस अलार्म, आणि बातमी एकच.

१९९४ च्या जुलैत वेल्समधल्या पेम्ब्रोकच्या रिफायनरीत वीज कोसळल्याने सुरू झालेल्या गडबडीचा शेवट स्फोटात झाला. स्फोटाआधीच्या शेवटच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म आले. म्हणजे दर अडीच सेकंदांना एक. एवढ्या वेगात माणूस वाचत नाही, फक्त बटण दाबतो. पुढे अलार्मची मानकं तयार झाली. त्यांतला ढोबळ हिशेब असा, की एका ऑपरेटरला दहा मिनिटांत एखादा अलार्म झेपतो. दहा मिनिटांत दहाच्या वर गेले की तो पूर समजायचा.

अलार्म म्हणजे काय, याची व्याख्या एकदा पक्की केली की बराच कचरा आपोआप गळतो: ऑपरेटरने काहीतरी करायलाच हवं असेल, तरच तो अलार्म. ‘हीटर चालू झाला’ ही नोंद आहे, ती लॉगमध्ये जाऊ द्या. ‘पाळी बदलली’ हाही अलार्म नाही. उरलेल्यांत सगळेच तातडीचे नसतात. शंभरातले पाचच्या आसपास सर्वांत वरच्या दर्जाचे, पंधरा मधले, बाकीचे ऐंशी साधे, हे प्रमाण मानकांतही सुचवलेलं आहे. सगळेच लाल असतील तर एकही लाल नाही असं समजा. लुकलुकणं फक्त न पाहिलेल्या अलार्मसाठी. पाहिला, बटण दाबलं, की लुकलुक बंद, रंग बिघाड जाईपर्यंत कायम.

काही अलार्म मशीनच्या स्वभावातून उगाच वाजतात. होपरचा लेव्हल सेन्सर हे नेहमीचं उदाहरण. मटेरियल सेन्सरच्या पातळीला आलं की मशीनच्या हादऱ्याने तो लागतो-सुटतो, लागतो-सुटतो, आणि मिनिटाला पाच अलार्म देतो. पीएलसीमध्ये पाच-दहा सेकंदांचा विलंब टाकला की तो शहाणा होतो.

आणि लाईटचं काय केलं? मुख्य पुरवठा गेला असेल तर त्यामुळे येणारे बाकीचे सगळे अलार्म दाबून ठेवले. एकच ओळ: ‘लाईट गेली होती.’ पण त्याच वेळी नानांना विचारलं, लाईट आल्यावर तुम्ही आधी काय बघता? ते म्हणाले, “घड्याळ.” पीव्हीसी गरम बॅरलमध्ये पडून राहिलं की जळायला लागतं, आधी पिवळं, मग तपकिरी, मग काळं, आणि डोळ्यांना झोंबणारा आम्लाचा वायू सुटतो. बंद किती मिनिटं होतं यावर पुढचं सगळं ठरतं: सरळ चालू करायचं, आधी मटेरियल काढून टाकायचं, की डाय खोलायची. हा सगळ्यात कामाचा आकडा कोणत्याच स्क्रीनवर नव्हता. आता लाईट आल्यावर मधोमध मोठ्या अक्षरांत येतं: ‘मशीन १४ मिनिटं बंद होती. झोन ५ आत्ता १७१.’ खाली कारखान्यानेच ठरवलेला नियम, किती मिनिटांपर्यंत काय करायचं. या एका ओळीला ग्राफिक्स म्हणावं का माहीत नाही, पण अख्ख्या स्क्रीनवर ऑपरेटरांना सगळ्यात जास्त आवडलं ते हेच.

कोणत्या भाषेत

जुना अलार्म इंग्रजीत होता, ‘एआय झिरो फाइव्ह हाय हाय’. करणाऱ्याच्या वायरिंगच्या यादीतलं नाव तसंच स्क्रीनवर आलेलं. ते मी बदलून मराठी केलं, पण पहिल्या प्रयत्नात जास्तच मराठी केलं: ‘साचा विभाग ३ उच्च तापमान’. कोणाला कळेना. शेडमध्ये कोणी डायला साचा म्हणत नाही. शेवटी ठरलं: ‘डाय झोन ३ गरम – फॅन चालू आहे का बघा’. ऑपरेटर एकमेकांना हाक मारून जे सांगतात, तेच शब्द. प्रेशर, लोड, व्हॅक्यूम तसेच राहू द्यावेत. वाक्याच्या पहिल्या भागात काय झालं, दुसऱ्या भागात काय करायचं.

उत्तरेकडून आलेले कामगार असतील तर हिंदीचं बटण द्यावं. देवनागरी असल्याने पोरं दोन्ही वाचतात. आकडे मात्र इंग्रजी ठेवावेत, कारण बाकीचे सगळे मीटर आणि व्हर्नियर त्याच आकड्यांत आहेत. अडचण येते ती फॉन्टची. बऱ्याच जुन्या स्क्रीनवर वेलांटी भलतीकडे जाते आणि जोडाक्षरं फुटतात. अशा वेळी मजकुराचं चित्र करून ते टाकावं लागतं. वेळखाऊ काम आहे, पण करावं. अक्षर किती मोठं, याचा ढोबळ हिशेब म्हणजे जेवढ्या अंतरावरून वाचायचं त्याचा दोनशेवा भाग, त्याहून लहान नको. एक मीटरवरून वाचायचं तर पाच मिलिमीटर. वेलांटी-उकारांमुळे देवनागरीला थोडं जास्तच लागतं.

बटणांबद्दल थोडक्यात. हातमोजे आणि तेलकट बोटं धरून बटण दोन सेंटीमीटरच्या आसपास तरी हवं. सात इंची स्क्रीनची रुंदी जेमतेम पंधरा सेंटीमीटर, म्हणजे एका ओळीत पाच-सहाच्या वर बटणं कोंबू नयेत. ‘स्टॉप’ आणि ‘रिसेट’ शेजारी-शेजारी नकोत. इमर्जन्सी स्टॉप स्क्रीनवर कधीही नको. ते लाल मशरूमचं खरंखुरं बटण तारेने जोडलेलंच हवं, कारण स्क्रीन हँग होऊ शकते.

पानांची रचनाही साधी ठेवली. पहिलं पान सगळ्या मशीनची तब्येत, दुसऱ्या पातळीवर त्या त्या भागाचं काम, त्याखाली सेटिंग, आणि अगदी तळाशी मेंटेनन्सची माहिती. ऑपरेटरचा नव्वद टक्के वेळ पहिल्या दोन पानांवर जावा असा प्रयत्न. ऑटोमेशन क्षेत्रातल्या आयएसए या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१५ मध्ये ऑपरेटर स्क्रीनसाठी १०१ क्रमांकाचं मानक काढलं. त्यात रंगांच्या सक्तीपेक्षा या रचनेवर, आणि आधी नियम ठरवून मगच चित्रं काढण्यावर भर आहे.

रात्री तीनची परीक्षा

स्क्रीन दिवसा, चहा पिऊन, मालकांच्या समोर तपासली तर ती नेहमीच चांगली वाटते. आम्ही ती रात्रपाळीत, तीनच्या सुमाराला तपासली, जेव्हा डोळे जड असतात. नाना आणि तो पोरगा, दोघांना पाठ करून उभं केलं. मी एकेक बिघाड मुद्दाम घातला आणि म्हटलं, आता बघा आणि सांगा.

झोन ३ च्या सेन्सरची तार काढली. पोरग्याने वळताक्षणी सांगितलं. हॉल-ऑफचा वेग थोडा कमी केला. मीटरचं वजन पल्ल्याबाहेर गेलेलं दोघांनाही दिसलं. पंपाचा ओव्हरलोड पाडला. अलार्म वाचून पोरगा सरळ पंपाकडे चालत गेला, तापमानाच्या पानात शिरला नाही. चौथ्यांदा मी डायचा एक झोन ऑटोवरून मॅन्युअलवर टाकला, म्हणजे आता त्याचं तापमान पीएलसी आपोआप सांभाळत नव्हता, मेंटेनन्सवाले दुरुस्तीनंतर कित्येकदा विसरतात तसा. तापमान अजून पल्ल्यातच होतं. दोघंही बघत राहिले. “सगळं बरोबर शे,” नाना म्हणाले.

मॅन्युअलची खूण मी पट्टीच्या खाली एका बारीक अक्षराने दाखवली होती. ती पंधरा वर्षांच्या माणसालाही दिसली नव्हती. त्याच रात्री लॅपटॉप उघडून मी ती बदलली. आता मॅन्युअलवर असलेल्या झोनच्या बाणाच्या जागी हाताच्या पंजाचं चित्र येतं, आणि पहिल्या पानावर वरच्या कोपऱ्यात किती झोन मॅन्युअलवर आहेत तो आकडा. शून्य असेल तर तिथे काहीच दिसत नाही. पाच वाजता परत एक झोन गुपचूप मॅन्युअलवर टाकला. पोरगा मटेरियलची गोणी खांद्यावर घेऊन चालला होता, तो चालता चालता थांबला आणि म्हणाला, “सात नंबरला कोणी हात लावला?”